एम्माला प्रवेश नाकारला, म्हणून उभे राहिलेले रुग्णालय : डॉ. डॅनियल हेल विल्यम्स

१८९० साल. अमेरिकेतल्या शिकागो शहरात एम्मा रेनॉल्ड्स ही तरुणी नर्सिंगच्या शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी धडपडत होती. शहरात शाळा होत्या, तिची शिकायची तयारी होती, तरी तिला कुणी घेईना. कारण एकच, ती काळी होती. तिचे भाऊ रेव्हरंड लुईस रेनॉल्ड्स हे चर्चमध्ये धर्मोपदेशक. ते शहरातल्या एका कृष्णवर्णीय सर्जनकडे गेले आणि बहिणीसाठी काही करता येईल का, अशी विनंती त्यांनी केली.

त्या सर्जनचे नाव डॉ. डॅनियल हेल विल्यम्स. तेव्हा त्यांचे वय ३४. गोऱ्या डॉक्टरांमध्ये त्यांना मान होता, ओळखी होत्या. पण एका मुलीसाठी एका शाळेत शब्द टाकून काय होणार? उद्या दुसरी मुलगी येणार, परवा तिसरी. शिवाय काळ्या डॉक्टरांचेही दुखणे होतेच. शहरातल्या रुग्णालयांत त्यांना आपले रुग्ण दाखल करता येत नव्हते, तिथल्या शस्त्रक्रियागृहात त्यांना जागा नव्हती. तेव्हा नर्सिंगची शाळा आपणच काढायची आणि शाळेला रुग्णालय लागते म्हणून रुग्णालयही आपणच उभारायचे, असे त्यांनी ठरवले.

आपल्या चळवळीतल्या तरुणांना मार्टिन ल्यूथर किंग माहीत असतात, माल्कम एक्स माहीत असतात. दलित पँथरमुळे ब्लॅक पँथरचे नाव तर वस्त्यावस्त्यांत पोहोचले. डॉ. विल्यम्स यांचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते, आणि आले तरी हृदयाची शस्त्रक्रिया करणारा काळा डॉक्टर एवढ्या ओळीत संपते. आम्हाला त्यांची ओळख करून द्यायची आहे ती एम्माच्या बाजूने. रुग्णालयात उपचार कुणाला मिळतात हे आपण विचारतो. तिथे उपचार करणारे हात कुणाचे आहेत, हा प्रश्न या माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या आयुष्याचे काम म्हणून उचलला होता.

डॅनियल यांचा जन्म १८ जानेवारी १८५६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॉलिडेजबर्ग या गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपायला अजून नऊ वर्षे होती, पण विल्यम्स कुटुंब स्वतंत्र कृष्णवर्णीयांचे होते. वडील केशकर्तनाचा धंदा करत आणि काळ्यांच्या समान हक्कांच्या चळवळीतही होते. सात भावंडांतले डॅनियल पाचवे. वडील क्षयाने गेले, तेव्हा हा मुलगा अजून लहान होता. घर विस्कटले. डॅनियलला बाल्टिमोरला एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. तिथे त्याचे मन रमले नाही. तो तिथून निघाला आणि इलिनॉय राज्यात आईकडे पोहोचला. पुढे विस्कॉन्सिनमध्ये त्याने वडिलांचाच वस्तरा हातात घेतला.

जोडे आणि वस्तरा हे शब्द आपल्या वाचकाला नुसते धंदे म्हणून वाचता येत नाहीत. आपल्याकडे ते जन्माला चिकटलेले असतात. अमेरिकेत धंदा असा जन्माने ठरत नव्हता, पण तिथेही काही कामे काळ्यांची मानली जात आणि केशकर्तन त्यातलेच एक होते. गोऱ्या गिऱ्हाइकाची दाढी करणारा काळा माणूस कुणाला खटकत नव्हता. त्याच गिऱ्हाइकाची नाडी बघायला तो पुढे आला असता तर मात्र खटकला असता. स्पर्शाचे हे गणित आपल्याला नवे नाही. जोतिराव फुले यांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना तो अर्पण केला, त्या वर्षी डॅनियल १७ वर्षांचे होते.

विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावी चार्ल्स अँडरसन नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांचे केशकर्तनालय होते. डॅनियल तिथे काम करू लागले आणि त्यांच्याच कुटुंबात राहू लागले. काम करत करत शाळा पूर्ण केली, वाद्यवृंदात वाजवूनही चार पैसे मिळवले. गावात डॉ. हेन्री पामर हे नावाजलेले गोरे सर्जन होते. त्यांनी डॅनियल यांना हाताखाली घेतले. तेव्हा वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात अशा उमेदवारीनेच होत असे. दोन वर्षांनी, १८८० साली, डॅनियल शिकागो मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १८८३ साली पदवी घेऊन बाहेर पडले. शिक्षणासाठी अँडरसन यांनी पैशाची मदत केली. पामर यांचे नाव चरित्रांत ठळक येते, अँडरसन यांचे येते पण ओझरते. आमच्या मते एका केशकर्तनालयाच्या मालकाने दुसऱ्याच्या पोराच्या शिक्षणासाठी खिशात हात घातला, ही या चरित्रातली मोठी गोष्ट आहे.

शिकागोच्या दक्षिण भागात डॉ. विल्यम्स यांनी दवाखाना थाटला. तेव्हा शहरात काळे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. जंतू आणि निर्जंतुकीकरण यांबद्दलचे लिस्टर यांचे विचार अनेक जुन्या सर्जनांच्या अजून गळी उतरले नव्हते, पण डॉ. विल्यम्स त्या बाबतीत कमालीचे कडक होते. ते साउथ साइड डिस्पेन्सरीत शस्त्रक्रिया करत, आपल्याच कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवत. १८८९ साली त्यांना इलिनॉय राज्याच्या आरोग्य मंडळावर घेण्यात आले. एका माणसापुरते पाहिले तर सगळे सुरळीत चालले होते, आणि त्यांना तिथेच थांबता आले असते. त्यांचा वर्ण इतका उजळ होता की अनोळखी गावात ते गोरे म्हणून सहज खपले असते. त्या काळी अशा अनेकांनी ओळख लपवून आयुष्य सोपे करून घेतले. आडनाव बदलून राहणारी माणसे आपल्याकडेही आहेत आणि त्यांच्यावर दगड मारायची आमची इच्छा नाही. डॉ. विल्यम्स यांनी तसे केले नाही, इतकेच.

मग रेव्हरंड रेनॉल्ड्स बहिणीचा प्रश्न घेऊन आले.

रुग्णालय उभे करायचे तर पैसा हवा. डॉ. विल्यम्स आणि त्यांचे सहकारी चर्चमधून, सभांमधून, घरोघर फिरले. काळ्या वस्तीतल्या कष्टकऱ्यांनी जमेल तसे पैसे दिले, काहींनी वस्तू दिल्या. शिकागोचे मोठे गोरे उद्योगपतीही मदतीला आले. मांस उद्योगातले फिलिप आर्मर, रेल्वेचे डबे बनवणारे जॉर्ज पुलमन, व्यापारी मार्शल फील्ड ही नावे देणगीदारांत आहेत. पुलमन यांच्या डब्यांमध्ये हमालीचे आणि सेवकाचे काम काळ्यांनाच दिले जाई, हे लक्षात ठेवले म्हणजे या देणगीचा अर्थ थोडा निराळा लागतो. पैसा कुणाचा घ्यावा यावर आपल्या बैठकांतही रात्री-रात्री वाद होतात. डॉ. विल्यम्स यांनी पैसा घेतला.

जानेवारी १८९१ मध्ये संस्थेची नोंदणी झाली. संस्थेच्या नावातच रुग्णालय आणि प्रशिक्षण शाळा असे दोन्ही शब्द होते. ४ मे १८९१ रोजी डिअरबॉर्न रस्त्यावरच्या एका तीन मजली घरात १२ खाटांचे प्रॉव्हिडंट हॉस्पिटल सुरू झाले. बौद्ध वाचकांसाठी जाता जाता सांगायचे तर त्याच मे महिन्याच्या अखेरीस कोलंबोत अनागारिक धर्मपाल यांनी महाबोधी सोसायटीची स्थापना केली. दोन वर्षांनी, १८९३ साली, धर्मपाल सर्वधर्म परिषदेसाठी शिकागोलाच आले होते. परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, त्या प्रदर्शनात काळ्या अमेरिकनांना जवळपास जागाच नव्हती. त्याविरुद्ध फ्रेडरिक डग्लस आणि आयडा बी. वेल्स यांनी आवाज उठवला होता. डग्लस यांनी तेव्हा प्रॉव्हिडंटला भेट दिली, देणगीही दिली.

रुग्णालयाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ते काळ्यांनी उभारलेले होते, पण फक्त काळ्यांसाठी नव्हते. रुग्ण कुठल्याही वर्णाचा असो, दार उघडे. डॉक्टरही दोन्ही वर्णांचे. काळ्या डॉक्टरांना पहिल्यांदाच असे ठिकाण मिळाले, जिथे ते आपला रुग्ण दाखल करतील, अनुभवी गोऱ्या सर्जनशेजारी उभे राहून शिकतील आणि त्यालाही काही शिकवतील. नर्सिंगच्या पहिल्या वर्गात ७ मुली होत्या, त्यांत एम्मा होती. नर्स झाल्यावर ती थांबली नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या महिला वैद्यकीय शाळेतून १८९५ साली ती डॉक्टर झाली. ज्या मुलीला शहरातली एकही शाळा नर्स करायला तयार नव्हती, ती पाच वर्षांत डॉक्टर होऊन बाहेर पडली.

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात आपण जातो तेव्हा डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आया, मामा, मावशी अशी उतरंड दिसते. सफाईच्या मामा-मावशींची आडनावे विचारली तर ती आपल्याच वस्तीतली निघतात. आता त्यातले बरेच जण कंत्राटी आहेत. वरच्या पायऱ्यांवर चढत जावे तशी आपली आडनावे विरळ होत जातात. प्रशिक्षणाची जागा कुणाला मिळते, यावर ही उतरंड उभी असते. वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळायला २००७ साल उजाडावे लागले, ओबीसींना २०२१. म्हणून आम्हाला प्रॉव्हिडंटच्या नावातला प्रशिक्षण शाळा हा शब्द रुग्णालय या शब्दाइतकाच मोलाचा वाटतो.

आता ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया. ९ जुलै १८९३ च्या रात्री भांडणात छातीत सुरा लागलेला जेम्स कॉर्निश नावाचा तरुण प्रॉव्हिडंटमध्ये आणला गेला. सुरुवातीला जखम वरवरची वाटली, पण त्याची प्रकृती खालावत गेली. दुसऱ्या दिवशी डॉ. विल्यम्स यांनी त्याची छाती उघडली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दोन वर्षे होती. रक्तगट माहीत नव्हते, प्रतिजैविके नव्हती. तुटलेली रक्तवाहिनी त्यांनी बांधली. हृदयावर लहानशी जखम होती, तिला टाके घालण्याची गरज नव्हती. हृदयाभोवतीचा पडदा फाटला होता, तो त्यांनी शिवला. शस्त्रक्रिया पाहायला उभ्या असलेल्या डॉक्टरांत काळेही होते, गोरेही होते. कॉर्निश ५१ दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेला आणि पुढे वीस वर्षांहून अधिक जगला.

ही जगातली पहिलीच अशी शस्त्रक्रिया असल्याचे पुष्कळदा लिहिले जाते. तसे नाही. सेंट लुईस शहरात हेन्री डाल्टन यांनी १८९१ सालीच असा पडदा शिवला होता. आपल्या माणसाच्या नावापुढे पहिला हा शब्द लावायचा मोह आम्हालाही होतो, पण डॉ. विल्यम्स यांचे मोठेपण त्या शब्दावर टेकलेले नाही. १२ खाटांच्या, वर्गणीवर चालणाऱ्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण त्यानंतर ५१ दिवस तिथे सांभाळला गेला. कुठलाही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर जगतो तो परिचर्येवर, आणि इथली परिचर्या म्हणजे नुकतीच सुरू झालेली नर्सिंगची शाळा. त्यांची नावे कुणी घेत नाही.

प्रॉव्हिडंटच्या सुरुवातीच्याच काळात एक वाद पेटला आणि तो डॉ. विल्यम्स यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवत राहिला. डॉ. जॉर्ज क्लीव्हलँड हॉल हे कृष्णवर्णीय डॉक्टर रुग्णालयात येऊ इच्छित होते. त्यांची पदवी मुख्य प्रवाहातल्या वैद्यकीय शाळेची नव्हती, म्हणून डॉ. विल्यम्स यांनी विरोध केला. तो बाजूला सारून हॉल यांना घेण्यात आले आणि दोघांत कायमची तेढ पडली. काळ्या डॉक्टरकडून एक चूक झाली तर ती साऱ्या समाजाच्या नावावर लिहिली जाईल, ही भीती डॉ. विल्यम्स यांना होती. ती खोटी नव्हती. पण दुसरी बाजूही आहे. काळ्यांना चांगल्या शाळांत प्रवेशच मिळत नसताना शाळेचे नाव पाहून माणूस नाकारणे म्हणजे त्याच अन्यायाचा दाखला मागणे नव्हे का? हॉल पुढे रुग्णालयाचे आणि शिकागोच्या काळ्या समाजाचे मोठे नेते झाले, शहरातल्या एका ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. त्यांना खलनायक करून ही गोष्ट सांगणे सोपे आहे, आम्हाला ते पटत नाही.

गुणवत्ता या शब्दाशी आपलेही नाते असेच अवघड आहे. आमच्या ओळखीची एक मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात गेली, तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात तिला नाव-गाव विचारण्याआधी नीटचे मार्क विचारले गेले. मार्कांवरून कॅटेगरी काढायची ही जुनी पद्धत. ती त्यानंतर रात्ररात्र अभ्यास करत राहिली, जणू रोज कुणाला तरी पुरावा द्यायचा आहे. डॉ. विल्यम्स आपल्या विद्यार्थ्यांकडून असाच पुरावा मागत आणि त्यामागे मायाही होती. पण सतत पुरावा देत राहण्याने माणूस आतून किती झिजतो, हे आपण मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर पुन्हा एकदा पाहिले.

१८९४ साली डॉ. विल्यम्स यांची वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स हॉस्पिटलचे मुख्य सर्जन म्हणून नेमणूक झाली. यादवी युद्धाच्या काळात मुक्त झालेल्या गुलामांसाठी निघालेले हे सरकारी रुग्णालय. तिथे दुरवस्था होती. त्यांनी विभाग पाडले, शिकाऊ डॉक्टरांची पद्धत सुरू केली, रुग्णवाहिका आणली, आणि इथेही नर्सिंगचे रीतसर शिक्षण उभे केले. रविवारी लोकांना शस्त्रक्रिया पाहायला बोलावत, हे ऐकून आज अंगावर काटा येतो, पण काळ्या डॉक्टरच्या हाताखाली रुग्ण जगतो हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्यांचा हेतू होता. सरकार बदलले, नेमणुकांचे राजकारण सुरू झाले, चौकशी लागली. १८९८ साली ते पद सोडून शिकागोला परतले. त्याच वर्षी अॅलिस जॉन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

वॉशिंग्टनच्या काळातलीच दुसरी घटना. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मुख्य संघटनेत, अमेरिकन मेडिकल असोसिएशनमध्ये, स्थानिक शाखांमार्फत प्रवेश मिळे आणि त्या शाखा काळ्यांना घेत नसत. १८९५ साली अटलांटा येथे कृष्णवर्णीय डॉक्टरांनी नॅशनल मेडिकल असोसिएशन स्थापन केली. डॉ. विल्यम्स तिचे पहिले उपाध्यक्ष. जुन्या संघटनेने या वर्तनाबद्दल माफी मागितली ती २००८ साली.

परतल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतले, त्याचा गाजावाजा कमी झाला. नॅशव्हिलचे मेहॅरी मेडिकल कॉलेज हे दक्षिणेत काळे डॉक्टर घडवणारे महाविद्यालय, पण शस्त्रक्रिया शिकायला तिथे धड सोय नव्हती. डॉ. विल्यम्स वीसहून अधिक वर्षे दरवर्षी तिथे जात, मानधन न घेता शिकवत, विद्यार्थ्यांसमोर शस्त्रक्रिया करून दाखवत. दक्षिणेतल्या काळ्या समाजाला ते सांगत राहिले की गोऱ्या रुग्णालयांची दारे उघडण्याची वाट पाहत बसू नका, लहान का होईना आपले रुग्णालय आणि नर्सिंगची शाळा काढा. तशी रुग्णालये पुढे अनेक गावांत निघाली.

मग १९१० साल आले. अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. दर्जा सुधारण्याच्या नावाखाली अनेक शाळा बंद पडल्या. काळ्यांच्या सात शाळांपैकी दोनच उरल्या, हॉवर्ड आणि मेहॅरी. काही शाळांची अवस्था खरोखर वाईट होती. पण त्या सुधारायला पैसा देण्याऐवजी त्या बंद पडू दिल्या गेल्या. आज अमेरिकेत लोकसंख्येत काळे सुमारे १३ टक्के आणि डॉक्टरांत त्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत. त्याची मुळे शोधताना अभ्यासक या अहवालापाशी येतात.

दोन वर्षांनी डॉ. विल्यम्स यांच्या आयुष्यातला सर्वांत कडू प्रसंग घडला. शिकागोच्या सेंट ल्यूक्स या मोठ्या, श्रीमंत रुग्णालयाने त्यांना सर्जन म्हणून नेमले. कृष्णवर्णीय डॉक्टरला असे स्थान मिळणे तेव्हा अपवादच होता. इकडे प्रॉव्हिडंटमध्ये हॉल यांच्या बाजूचे वर्चस्व झाले होते. डॉ. विल्यम्स यांनी आपले सगळे रुग्ण, श्रीमंत गोऱ्या रुग्णांसह, प्रॉव्हिडंटमध्येच आणावेत, असे त्यांना सांगण्यात आले. तसे न करणे म्हणजे समाजाशी बेइमानी, असा सूर निघाला. स्वतः उभारलेल्या रुग्णालयाचा त्यांनी १९१२ साली राजीनामा दिला आणि ते पुन्हा तिथे परतले नाहीत. हा माणूस गोरा व्हायला निघाला आहे, अशी कुजबुज त्यांच्या उजळ वर्णावरून आधीपासून होतीच, ती आता उघड झाली. २१ वर्षांपूर्वी एम्मासाठी उभे राहिलेले रुग्णालय आणि त्याचा संस्थापक यांची अशी फारकत झाली.

आपल्या शिबिरांत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, आपल्या संस्था काढा, आपले दवाखाने काढा, त्यांच्या दारात कशाला जायचे. दुसरा म्हणतो, सरकारी आणि मोठ्या संस्था आपल्याच कराच्या पैशावर चालतात, तिथला वाटा का सोडायचा. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, आणि त्याच बाबासाहेबांनी संविधानातून सरकारी नोकऱ्यांतला वाटाही मिळवून दिला. सिद्धार्थ कॉलेजात सर्व जातींचे विद्यार्थी आणि प्राध्यापक होते. सुरुवातीचे प्रॉव्हिडंट याच जातीचे होते, जात हा शब्द इथे चांगल्या अर्थाने. डॉ. विल्यम्स यांनाही दोन्ही हवे होते. समाजाने त्यांना एकच निवडायला लावले आणि ते दुखावून बाहेर पडले. चूक कुणाची, यावर आमच्या आमच्यातच एकमत नाही. त्यांनी स्वभावाने माणसे तोडली, हेही खरे असावे. पण सेंट ल्यूक्समध्ये एकट्याने आत गेलेल्या माणसाला परत बोलावण्याऐवजी त्याच्या मागून आणखी दोघांना आत पाठवायचा विचार झाला असता तर?

पुढच्याच वर्षी, १९१३ साली, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ही सर्जनांची संस्था निघाली. संस्थापक सदस्यांत डॉ. विल्यम्स हे एकमेव कृष्णवर्णीय होते. त्याच १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी. विल्यम्स यांच्यानंतर या संस्थेत दुसऱ्या कृष्णवर्णीय सर्जनला, डॉ. लुईस राइट यांना, प्रवेश मिळायला १९३४ साल उजाडले. २१ वर्षे एकच नाव. एखाद्या संस्थेत आपला एक माणूस मोठ्या पदावर दिसला की आपण मिरवणूक काढतो, फलक लावतो. तेव्हा हा आकडा आठवतो.

१४ एप्रिलला आपली मंडळे आरोग्य शिबिरे घेतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले डॉक्टर, नर्स रात्रंदिवस उभे असतात. ते काम मोठेच आहे. पण बारावी विज्ञान झालेल्या वस्तीतल्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणी, फी आणि वसतिगृह या तिन्ही ठिकाणी अडकून वर्ष वाया घालवावे लागते, तेव्हा तिच्यासोबत रांगेत उभे राहणारे कितीजण असतात, हे आम्ही स्वतःलाही विचारतो. चार्ल्स अँडरसन डॉक्टर नव्हते, नेते नव्हते. त्यांचे केशकर्तनालय होते.

१९२० नंतर अॅलिस यांचे आजारपणात निधन झाले. १९२६ साली डॉ. विल्यम्स यांना पक्षाघाताचा झटका आला आणि हात थांबले. उरलेला काळ त्यांनी मिशिगन राज्यातल्या आयडलवाइल्ड येथे काढला. गोऱ्यांच्या विश्रांतिस्थळांवर काळ्यांना मज्जाव असल्याने तळ्याकाठी त्यांच्यासाठी वसलेली ही जागा. ४ ऑगस्ट १९३१ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. मृत्युपत्रात त्यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला, तसेच मेहॅरी आणि हॉवर्ड या वैद्यकीय शिक्षणसंस्थांना पैसे ठेवले. समाजाशी बेइमानीचा आरोप सोसलेल्या माणसाचे हे मृत्युपत्र आहे.

प्रॉव्हिडंट त्यांच्या पश्चात पुष्कळ वर्षे चालले. शेकडो काळ्या नर्सेस आणि डॉक्टर तिथून शिकून बाहेर पडले. दुसरी रुग्णालये काळ्यांसाठी उघडू लागली तसे तिथले रुग्ण आणि डॉक्टर कमी होत गेले, कर्ज वाढत गेले आणि १९८७ साली ते बंद पडले. दक्षिण शिकागोच्या लोकांनी पाठपुरावा केला, आणि १९९३ साली कूक काउंटीच्या स्थानिक सरकारने ते ताब्यात घेऊन पुन्हा सुरू केले. आज ते सरकारी रुग्णालय आहे, आणि नाव तेच आहे, प्रॉव्हिडंट.